सौर सहनिर्मिती : गोडे पाणी व वीज

सौर प्रारणापासून (तरंगरूपी ऊर्जेपासून) वीज निर्माण करणे आणि त्या क्रियेत वाया जाणाऱ्या उष्णतेचा उपयोग करून खाऱ्या वा मचूळ पाण्यापासून गोडे पाणी मिळविणे, या संयुक्त प्रक्रियेस गोडे पाणी व वीज यांची सौर सहनिर्मिती म्हणतात. सौर विजेवर पंप चालवून पाणी गोडे करण्याच्या पद्धतीचाही काही वेळा यात समावेश करतात; तथापि एकाच प्रारणाचा क्रमाने दोनदा उपयोग हे सहनिर्मितीचे खरे लक्षण होय.

पाणी व वीज या गरजा परस्परावलंबी आहेत. विहिरीतील पाणी उपसण्यास व ते टाकीपर्यंत चढविण्यास वीज लागते, तर बहुतेक औष्णिक वीजकेंद्रांना थंड करण्यासाठी पाणी लागते. समुद्रकिनाऱ्यावरील गावांत व बेटांवर या दोन्ही गरजांची टंचाई पुष्कळदा एकाच वेळी जाणवते. रायगड (१९८१ पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यातील श्रीवर्धन हे अशा किनाऱ्याचे बोलके उदाहरण आहे. या भागात वर्षाकाठी सु. ३०० सेंमी. पाऊस पडतो, परंतु त्यातील बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. तीव्र उतारांमुळे पुष्कळसे पाणी थोड्याच काळात समुद्रास मिळते आणि मार्च ते मे या महिन्यांत विहिरींची पातळी खालावते. नेमक्या याच महिन्यांत आकाश निरभ्र असते व ऊन सर्वांत प्रखर असते. टंचाई व ऊर्जेची उपलब्धता यांचा हा कालमेळ सौर सहनिर्मितीच्या विचाराचा पाया आहे.

तत्त्व : उरण व पेण या भागांतील मिठागरांत उन्हाच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याचे बाष्पीभवन होते आणि मीठ मागे राहते. तेथे मीठ हवे असते. वाफ हवेत निघून जाते. ही वाफ काचेखाली अडवून थंड पृष्ठभागावर तिचे संघनन (वाफेचे पाण्यात रूपांतर) केले म्हणजे गोडे पाणी मिळते. सौर ऊर्ध्वपातन पात्र याच तत्त्वावर चालते. उथळ काळ्या तळाच्या पात्रात खारे पाणी भरून त्यावर उतरती काच बसवितात. काचेच्या आतील बाजूस जमणारे थेंब पन्हळीत गोळा होतात.

या पद्धतीतील मुख्य अडचण पाण्याच्या सुप्त उष्णतेची (द्रवाचे बाष्प होताना तापमान न वाढता शोषली जाणारी उष्णता) आहे. ६०° से. तापमानास १ लि. पाण्याचे बाष्प करण्यास सु. २,३६० किलोजूल, म्हणजे सु. ०·६५ किलोवॉट-तास (किवॉ. ता.) एवढी ऊर्जा लागते. कोकण किनाऱ्यावर एप्रिल महिन्यात १ चौ. मी. आडव्या पृष्ठभागावर दिवसभरात सु. ६ ते ७ किवॉ. ता. सौर ऊर्जा पडते. ती सर्वच्या सर्व बाष्पीभवनास लागली, तरी १० लि. पाणी मिळेल. प्रत्यक्षात काचेतून व तळातून उष्णता निसटते आणि साध्या पात्रातून दिवसाला चौरस मीटरमागे २ ते ४ लि. पाणीच हाती येते.

सौर विद्युत् घटांची स्थिती याच्या उलट आहे. अर्धसंवाहक सिलिकॉनाच्या घटावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सु. २० टक्के ऊर्जेची वीज होते. थोडा भाग परावर्तित होतो व उरलेल्या मोठ्या भागाची उष्णता होते. या उष्णतेने घट कडक उन्हात ६०° से. किंवा त्याहूनही अधिक तापतो. ही उष्णता निरुपयोगी तर असतेच. शिवाय ती अपायकारकही असते, कारण तापमान १° से. ने वाढले की घटाची वीजनिर्मिती सु. ०·३ ते ०·५ टक्क्यांनी घटते. घटाची नोंदविलेली क्षमता २५° से. तापमानाची असल्याने उन्हाळ्यातील भर दुपारी ती दहा टक्क्यांहून अधिक खाली येऊ शकते. सहनिर्मितीत ही टाकाऊ उष्णता घटाच्या मागील बाजूने काढून घेऊन खाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनासाठी वापरतात.

सुप्त उष्णतेचा पुनर्वापर हे या पद्धतीचे दुसरे महत्त्वाचे तत्त्व होय. वाफेचे पुन्हा पाणी होताना तिने शोषलेली उष्णता बाहेर पडते. ही उष्णता वाया न घालविता पुढच्या, किंचित कमी तापमानाच्या टप्प्यातील खारे पाणी तापविण्यास वापरली, तर त्याच ऊर्जेत अधिक पाणी मिळते. अशा टप्प्यांच्या मालिकेस बहुपरिणामी ऊर्ध्वपातन म्हणतात. टप्पे वाढविल्यास पाणी वाढते, पण प्रत्येक टप्प्यास तापमानातील थोडा फरक लागत असल्याने त्यांच्या संख्येस मर्यादा पडते [⟶ ऊर्ध्वपातन, निर्लवणीकरण, सौर ऊर्जा].

इतिहास : मोठ्या प्रमाणावरील पहिले सौर ऊर्ध्वपातन केंद्र १८७२ साली चिलीमधील लास सालिनास येथे चार्ल्स विल्सन या स्वीडिश अभियंत्यांनी उभारले. नायट्रेटाच्या खाणींवरील माणसे व खेचरे यांच्यासाठी सु. ४,५०० चौ. मी. काचेखाली तेथे दिवसाला २०,००० लि. हून अधिक पाणी मिळत असे व ते अनेक वर्षे चालले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मारिया टेल्केश यांनी जीवरक्षक तराफ्यांसाठी हवा भरून फुगविता येणारी लहान ऊर्ध्वपातन पात्रे तयार केली. अबू धाबीजवळील उम्‌ अल्‌ नार येथे १९८४ साली निर्वात नळ्यांच्या संग्राहकांवर चालणारे बहुपरिणामी केंद्र सुरू झाले, तर स्पेनमधील आल्मेरीया येथील सौर संशोधन केंद्रात १९८८ पासून चौदा टप्प्यांच्या संयंत्रावर प्रयोग झाले. ही केंद्रे प्रामुख्याने पाण्यासाठी होती. पंपांना लागणारी वीज बाहेरून घ्यावी लागे. सौर घट महाग होते तोपर्यंत वीज व पाणी यांची सांगड घालणे परवडण्याजोगे नव्हते. एकविसाव्या शतकात घटांच्या किंमती मोठ्या प्रमाणात उतरल्यावर ही परिस्थिती पालटली.

पद्धती : सहनिर्मितीच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

(१) औष्णिक पद्धती : सूर्याच्या दिशेनुसार वळणाऱ्या आरशांनी प्रकाश एकत्रित करून वाफ तयार करतात व तिच्यावर टरबाइन फिरवितात. टरबाइनामधून बाहेर पडणाऱ्या वाफेची उष्णता ऊर्ध्वपातनास देतात. या ठिकाणी एक तडजोड करावी लागते. केवळ विजेसाठी वाफ शक्य तितक्या कमी, सु. ४०° से. तापमानापर्यंत उतरविणे फायद्याचे असते. पण ऊर्ध्वपातनासाठी ती सु. ७०° से. ला बाहेर काढावी लागते व तेवढी वीज कमी मिळते. म्हणजेच पाण्याची काही किंमत विजेच्या रूपाने मोजावी लागते. ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टा येथे २०१६ मध्ये कार्यान्वित झालेल्या प्रकल्पात सु. २३,००० आरसे व १२७ मी. उंचीचा मनोरा आहे. तेथे एकत्रित केलेल्या उष्णतेपासून वीज, समुद्रजलापासून गोडे पाणी आणि २० हेक्टर पादपगृहांतील टोमॅटोच्या पिकासाठी ऊब अशी तिहेरी निर्मिती योजलेली होती.

(२) सौर घट व पटल ऊर्ध्वपातन : या पद्धतीत सौर घटाच्या पाठीशी पातळ थरांची रचना चिकटविलेली असते. उष्णतावाहक पत्र्याखाली खारे पाणी, त्याखाली जलविरोधी सच्छिद्र पटल व त्याखाली वाफेचे संघनन होण्याची जागा असा क्रम असतो. पटलाच्या छिद्रांतून वाफ जाते, द्रव पाणी व मीठ जात नाही. संघननाची उष्णता खालच्या तशाच दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यास मिळते. सौदी अरेबियातील थूवल येथील किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रविद्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली अशा बहुटप्पी उपकरणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात चौरस मीटरमागे ताशी १·६४ किग्रॅ. हून अधिक गोडे पाणी मिळाले आणि घटाची कार्यक्षमता सु. ११ टक्के राहिली. पाण्यासाठी विजेत घट सोसावी लागली नाही. त्यानंतरच्या संशोधनाचा रोख घटाचे तापमान आणखी उतरविण्याकडे व मागे उरणाऱ्या लवणजलाचे पूर्ण बाष्पीभवन करण्याकडे आहे.

(३) सौर वीज व व्यस्त तर्षण : खाऱ्या पाण्यावर मोठा दाब देऊन ते अर्धपार्य पटलातून (पाणी जाऊ देणाऱ्या व विरघळलेली लवणे अडविणाऱ्या पडद्यातून) ढकलणे म्हणजे व्यस्त तर्षण. घरगुती जलशुद्धी यंत्रांत हीच पद्धती ‘आरओ’ या नावाने परिचित आहे. समुद्रजलाचा तर्षण दाब वातावरणीय दाबाच्या सु. २७ पट असल्याने प्रत्यक्षात ५५ ते ७० पट दाब द्यावा लागतो. बाष्पीभवन होत नसल्यामुळे ऊर्जा मात्र पुष्कळ कमी लागते. मोठ्या आधुनिक संयंत्रांत १ घ. मी. (१,००० लि.) पाण्यास ३ ते ४ किवॉ. ता. वीज पुरते.

या पद्धतींची तुलना उद्बोधक आहे. १ चौ. मी. सौर घटापासून उन्हाळ्यातील एका दिवसात सु. १ किवॉ. ता. वीज मिळते. मोठ्या व्यस्त तर्षण संयंत्रास ती पुरविल्यास २५० लि. व लहान, कमी कार्यक्षम संयंत्रास पुरविल्यास सु. १०० लि. पाणी मिळू शकेल. त्याच घटाच्या टाकाऊ उष्णतेपासून तीन टप्प्यांच्या ऊर्ध्वपातनाने मिळणारे पाणी सु. १० लि. असते. म्हणून केवळ पाण्याच्या राशीचा विचार केला, तर व्यस्त तर्षणच श्रेष्ठ ठरते. परंतु ऊर्ध्वपातनाच्या पाण्यासाठी वीज जवळजवळ खर्ची पडत नाही, ती अन्य कामांसाठी शिल्लक राहते; उच्च दाबाचे पंप लागत नाहीत; आणि व्यस्त तर्षणास न झेपणारे अतिखारे पाणीही त्यात वापरता येते. त्यामुळे दोन्ही पद्धती परस्परांच्या स्पर्धक नसून पूरक आहेत.

भारतातील कार्य : भावनगर येथील केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्थेने (स्थापना १९५४) सौर ऊर्ध्वपातनावर प्रारंभापासून काम केले. तिने भावनगरजवळील अवानिया या गावी १९७८ मध्ये दिवसाला सु. ५,००० लि. क्षमतेचे केंद्र उभारले. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील कार्यालयात काम केलेल्या ॲना मणी यांनी १९८० साली भारतातील सौर प्रारणाच्या मापनांची माहितीपुस्तिका सिद्ध केली. कोणत्या महिन्यात कोठे किती ऊर्जा मिळेल, याचे गणित तिच्यामुळे सुलभ झाले. तमिळनाडूमधील रामनाथपुरम्‌ जिल्ह्यात नरिप्पैयूर येथे आरशांनी केंद्रित केलेल्या उष्णतेवर समुद्रजल गोडे करण्याचे प्रयोग झाले आहेत.

टाकाऊ उष्णतेपासून पाणी मिळविण्याचा महाराष्ट्रातील महत्त्वाचा प्रयोग मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाला. तेथील सायरस या संशोधन अणुभट्टीच्या (२०१० साली बंद) टाकाऊ उष्णतेवर दिवसाला ३० घ. मी. क्षमतेचे कमी तापमानाचे बाष्पीभवन संयंत्र चालविण्यात आले. उष्णतेचा उगम सौर नसला, तरी तत्त्व तेच आहे. लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये दिवसाला १ लाख लि. क्षमतेचे संयंत्र सुरू केले. त्यात सूर्याने तापलेले पृष्ठभागाचे पाणी कमी दाबाखाली बाष्परूप होते व सु. ३५० मी. खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने त्या वाफेचे संघनन होते. मिनिकॉय व अगत्ती येथे २०११ साली अशी संयंत्रे उभारण्यात आली. पुढे याच तापमानभेदावर वीजही निर्माण करून संयंत्र स्वयंपूर्ण करण्याचा प्रकल्प संस्थेने कवरत्ती येथे हाती घेतला. कोकण किनाऱ्यास मात्र ही पद्धती लागू पडत नाही. लक्षद्वीपच्या बेटांलगतच समुद्र एकदम खोल होतो; उलट कोकणासमोरील सागरमग्न खंडभूमी रुंद व उथळ असल्याने खोल, थंड पाणी किनाऱ्यापासून फार दूर आहे.

कोकण किनाऱ्यावरील उपयोग : श्रीवर्धनसारख्या ठिकाणी किनाऱ्यालगतच्या वाळूत व जांभ्यात मुरलेले पावसाचे पाणी आतपर्यंत शिरलेल्या समुद्रजलावर तरंगत असते, कारण ते वजनाने हलके असते. आदर्श स्थितीत समुद्रसपाटीच्या वर १ मी. गोडे पाणी असेल, तर तिच्याखाली सु. ४० मी. पर्यंत गोडे पाणी असते. याचाच दुसरा अर्थ असा की, उपशामुळे वरची पातळी थोडी उतरली, तरी खालचे खारे पाणी पुष्कळ वर सरकते. नारळी-पोफळीच्या वाड्यांचे शिंपण, घरगुती वापर व पर्यटकांची निवासस्थाने यांचा उपसा उन्हाळ्यात एकत्र आला की किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होण्याचा धोका वाढतो. एकदा खारी झालेली विहीर पूर्ववत् होण्यास पुढील पावसाळ्यांची वाट पाहावी लागते.

पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशोब येथे उपयुक्त ठरतो. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या जुन्या शासकीय मानकात दरडोई दररोज ४० लि. पाणी धरलेले होते. त्यात पिण्यासाठी ३ व स्वयंपाकासाठी ५ लि. होते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनाने दरडोई मान ५५ लि. केले. म्हणजे कुटुंबाला दिवसाला २७५ लि. पाणी लागते, पण त्यातील पिण्याची व स्वयंपाकाची गरज केवळ ४० लि. आहे. चौरस मीटरमागे १० लि. या हिशोबाने ४ चौ. मी. सहनिर्मिती संचापासून हे ४० लि. पाणी व जोडीला सु. ४ किवॉ. ता. वीज मिळू शकते. ही वीज काही दिवे, पंखे, लहान प्रशीतक व विहिरीवरील छोटा पंप यांना पुरेशी आहे. न्हाणे, भांडी, धुणे यांस किंचित मचूळ पाणीही चालते. सर्वच पाणी गोडे करण्याऐवजी पिण्याचे पाणी वेगळे काढले, तर सहनिर्मिती आवाक्यात येते. २०२४ साली केंद्र शासनाने घरांच्या छपरांवर सौर घट बसविण्याची व्यापक योजना सुरू केली; अशा छपरांवरील घटांची उष्णता सध्या हवेतच जाते.

मासेमारी बंदरांत ही निर्मिती विशेष उपयोगी ठरण्यासारखी आहे. श्रीवर्धनच्या जीवना बंदरासारख्या ठिकाणी होड्यांसाठी पिण्याचे पाणी, बर्फासाठी पाणी व वीज आणि मासळी धुण्यासाठी स्वच्छ पाणी या सर्व गरजा एकाच जागी असतात. पश्चिम किनाऱ्यावर जून व जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते; त्यामुळे ढगाळ दिवसांत, म्हणजे सौर ऊर्जा कमी असताना, गरजही उतरते.

आपत्तीच्या काळातही स्थानिक निर्मितीचे महत्त्व कळून येते. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या बागांची अपरिमित हानी झाली, घरांची छपरे उडाली व विजेचे खांब कोसळल्यामुळे अनेक दिवस वीजपुरवठा बंद राहिला. वीज नसली की पंप थांबतो व पाणी असूनही मिळत नाही. रुग्णालय, शाळा वा पंचायतीच्या इमारतीवरील स्वतंत्र संच अशा वेळी दूरवरच्या तारांवर अवलंबून राहत नाही. मात्र वादळी वाऱ्यात छपरावरचे संच स्वतःच उडण्याचा संभव असल्याने त्यांची बांधणी भक्कम किंवा चटकन उतरविता येण्याजोगी असली पाहिजे.

मर्यादा : पावसाचे पाणी साठविणे हा कोकणातील अधिक स्वस्त उपाय आहे, हे विसरता येत नाही. वरील कुटुंबास ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत पिण्यास व स्वयंपाकास सु. १०,००० लि. पाणी लागेल, ५० चौ. मी. छपरावर एका पावसाळ्यात त्याच्या अनेकपट पाणी पडते. श्रीवर्धनच्या उत्तरेस समुद्राने वेढलेल्या जंजिरा किल्ल्यातील गोड्या पाण्याचे तलाव याची साक्ष देतात. म्हणून टाकी बांधणे शक्य आहे तेथे ती प्रथम बांधावी, विहिरींचा उपसा आवरावा आणि साठा अपुरा पडतो किंवा रोज ताजे पाणी व वीज दोन्ही लागतात, अशा ठिकाणी सहनिर्मिती योजावी, हा क्रम योग्य होय. मोठ्या शहरांची गरज निराळी असते. मुंबई महानगरपालिकेने मनोरी येथे आखलेला समुद्रजल निःक्षारीकरण प्रकल्प दिवसाला २० कोटी लि. क्षमतेचा, व्यस्त तर्षणावर आधारलेला आहे. एवढी राशी छपरावरील उष्णतेतून मिळणे शक्य नाही.

तांत्रिक अडचणीही आहेत. पटलावर क्षार व शेवाळ साचून छिद्रे बुजतात. खाऱ्या हवेने धातूचे सांधे गंजतात. काचेवर बसलेल्या धुळीने वीज घटते. दर किग्रॅ. मध्ये सु. ३५ ग्रॅ. मीठ असलेल्या समुद्रजलातून ४० टक्के गोडे पाणी काढले, तर उरलेल्या पाण्यात मिठाचे प्रमाण सु. ५८ ग्रॅ. होते. असे लवणजल खाडीत एकाच जागी सोडल्यास तेथील मासळी, शिंपले व कांदळवन (खारफुटी) यांना अपाय होतो. ते पसरट तळ्यांत सुकवून मीठ काढणे हा एक मार्ग आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात खनिजे जवळजवळ नसतात. पिण्यापूर्वी त्यात थोडी खनिजे मिसळावी लागतात. सर्वांत मोठा प्रश्न देखभालीचा आहे. पटल बदलणारा व सांधे तपासणारा प्रशिक्षित माणूस गावात नसेल, तर चांगला संचही थोड्याच काळात बंद पडतो.

सौर ऊर्जेवर पाणी गोडे करण्याची कला शतकाहून जुनी आहे; विजेची जोड तिला अलीकडे मिळाली. पटलांचे आयुष्य वाढले व त्यांची निर्मिती स्वस्त झाली, तर दीर्घ उन्हाळा, खारी भूजले व तुटक वीजपुरवठा असलेल्या किनारी गावांत आणि बेटांवर सहनिर्मितीचा प्रसार होण्यास वाव आहे.